डाव्या हाताचा पीळ

फणीचा पाचवा दात कट्कन मोडला, तशी मी उजीच्या डोक्यात टपली मारली.

"हे डोकं हाय का केकताडाचं बेट गं? आत ससं राहत असंल तर आधीच सांग. चावंल माझ्या हाताला."

"आजे, वढू नको की! डोळ्यांतनं पाणी आलं."

"येऊ दे. तेवढंच केस भिजतील."

उजी म्हणजे माझी नात उज्ज्वला. तेव्हा नववीत होती. आता तिची लेक नववीला आहे, म्हणजे किती वर्षं झाली ते ज्याला मोजता येतं त्यानं मोजावं. मला तो दिवस मात्र पाठ आहे. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती, दुपार कलत होती, आणि अंगणातल्या शेवग्याखाली पोत्यावर उजी माझ्या पुढ्यात बसली होती. केस सोडले की तिचं तोंड दिसायचं नाही, नुसतं केसांचं गाठोडं बसल्यासारखं वाटायचं. बाकीच्यांचे केस खाली पडतात, हिचे वर उठायचे. काडीला गुंडाळून काढलेल्या सुतासारखा एकेक केस. पाणी लावा, तेल लावा, घटकाभर निजल्याचं सोंग करायचे आणि वाळले की परत उभे.

त्या केसांवरून सकाळपासून घरात तोंडं सुजली होती.

उजी खो-खो खेळायची. पळण्यात आणि हुलकावणी देण्यात तिच्यासारखी पोरगी त्या शाळेत नव्हती. हे मी आजी म्हणून सांगत नाही. मी कुणाचं उगीच कौतुक करत नाही, घरच्यांचं तर नाहीच. जिल्ह्याच्या सामन्याला बारा पोरी निवडल्या, त्यांत तिचं नाव पहिलं. पण आदल्या शनिवारी सरावात तिची रिबीन सुटली, केस छत्रीसारखे उघडले आणि मागनं येणाऱ्या पोरीचा हात केसांना लागला. पंचानं बाद दिलं. उजी म्हणाली, मला हात लागलाच नाही, केसांना लागला. पंच म्हणाला, मग केस काय शेजारणीचे आहेत?

झालं. खेळाच्या घोरपडे बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघ, केस सुटणार नाहीत असे बांधून ये, नाहीतर कापून ये. मैदानात पिना, क्लिपा चालत नाहीत. गुरुवारी सकाळी सात वाजता जीप निघेल. तोवर दोन्हीपैकी एकही जमलं नाही तर तुझ्या जागी दुसरी पोरगी नेईन."

आणि आज बुधवार होता.

कापून टाकायला काय लागतं? तुम्ही म्हणाल. आमच्या गल्लीत तेव्हा पोरीचे केस कापले की दारात बायका उभ्या राहायच्या. उवा झाल्या का गं? काही आजार हाय का? कुणी बघायला येणार असंल तर कसं? त्याचं मला काही नव्हतं, बायकांना उत्तर द्यायला माझी जीभ पुरेशी होती. पण पोरीचा जीव होता त्या केसांत. शिव्या द्यायची त्यांना, आणि आरसा दिसला की थांबायची.

"बस सरळ," मी म्हटलं. "माझ्या हातनं बांधलेला बैल आजवर सुटला न्हाई. तुझं केस सुटतात व्हय?"

हे मी फुशारकीनं म्हटलं नव्हतं. आमचं घर दोरांचं. केकताडाची, म्हणजे घायपाताची, पानं कुजवायची, ठेचायची, त्यांतनं पांढराशुभ्र वाख काढायचा आणि तो वाख मांडीवर वळून कासरे, दावी, नाडे करायचे. चार गावांत माझ्या हातच्या दाव्याला नाव होतं. माझा मुलगा, म्हणजे उजीचा बाप, ते घेऊन बुधवारच्या बाजाराला जायचा. त्या दिवशीही तो तिकडंच होता, आणि ते बरंच झालं. बापये असल्या कामात नुसते हात मागे बांधून उभे राहतात आणि सल्ले देतात.

अंगणातल्याच चुलीपुढं होती ती माझी सून मंदा. म्हैस परवाच व्याली होती, तिच्यासाठी मोठ्या पातेल्यात जवस शिजत होतं. मंदा घाट उतरून पलीकडची, समुद्राच्या बाजूची. तिचे स्वतःचे केस सुतासारखे सरळ. तरीही उजीच्या केसांचं खापर मी तिच्याच माहेरावर फोडत आले होते. घाटाखालच्या खाऱ्या वाऱ्यानं माणसांचे केस आखडतात, ते हिनं ओटीत बांधून आणलं आणि माझ्या नातीच्या डोक्यावर ओतलं. बारशाला म्हटलं, जावळाला म्हटलं, पाहुण्यांपुढं म्हटलं. कुणी म्हणालं की सुनेचे तर सरळ आहेत, तर मी म्हणायची, "हिचे न्हाईत, हिच्या आज्याचे असतील. खलाशी हुता का कोण हुता, कुठल्या बंदरावरनं काय आणलं कुणाला ठावं." लोक पोट धरून हसायचे. मंदाही हसायची, नाहीतर भांडी घासायला उठून जायची.

आणखी एक खोड होती तिच्यात. ती डावखुरी. तिनं वळलेल्या दोराचा पीळ उलट्या बाजूनं जायचा. तसं दावं मजबूत व्हायचं, खोटं कशाला बोलू, पण माझ्या पेडाशी तिचा पेड जुळायचा नाही. लग्नाला दोन महिने झाले नाहीत तोवर मी तिला दोर वळण्यावरनं उठवलं आणि पानं ठेचायला बसवलं. घरातलं नाजूक काम थोरल्या माणसाकडं असावं, असं माझं मत होतं. थोरली मीच होते.

तर मी उजीचे केस ओढून ओढून तीन पेडांची वेणी घातली. टोकाला तांबडी रिबीन आवळली.

"जा. त्या लिंबापत्तूर पळून ये."

गेली ती पोरगी आणि आलं ते झुडूप.

"रिबीन कुठाय?"

"लिंबाखाली पडलीया."

चुलीकडनं आवाज आला नाही, पण मंदाचे खांदे हलत होते. मला ते झोंबलं.

"हसायला काय झालं? तुझं पातेलं उतू चाललंय ते बघ."

"न्हाई आत्या, धूर गेला डोळ्यांत."

दुसरी वेणी मी अशी आवळली की उजीच्या भुवया कपाळाच्या मध्यावर गेल्या.

"आजे, मला डोळं मिटता येत न्हाईत."

"मिटायचं कशाला? पळताना उघडेच लागतात."

पुन्हा लिंब, पुन्हा झुडूप. ह्या वेळी रिबीन जागेवर राहिली आणि केस तिच्या वरनं फुटून बाहेर आले. मी तिसऱ्यांदा फणी उचलली, पण उजी खाली बसलीच नाही. तशीच घरात गेली आणि वाख कातरायची मोठी कात्री घेऊन आली. कानाजवळची एक बट मुठीत धरली.

"कापते मी."

"उजे, ठेव ती कात्री," मंदा चुलीपुढनं उठली.

"तू बोलू नको!" पोरगी फणकारली. "तुझ्यामुळं झालंय हे सगळं. तुझ्या माहेरचं हाय हे. लगीन करून आलीस तर निस्ती भांडी आणायची हुतीस, हे कशाला आणलंस? कुठला खलाशी हुता त्यो!"

शब्द सगळे माझेच होते. फक्त माझ्या तोंडून आले की लोकांना हसू यायचं.

मंदा हसली नाही. भांडी घासायलाही गेली नाही. हातातला डाव तिनं पातेल्यावर आडवा ठेवला आणि म्हणाली, "काप. पण मानंपासनं लांब धर. लागंल." आणि आमच्याकडं पाठ करून बसली. त्या पाठीकडं बघवेना मला. पंधरा-सोळा वर्षं ती पाठ माझ्यासमोर होती आणि मी एकदाही नीट बघितली नव्हती.

"कात्री आण इकडं," मी म्हटलं.

"न्हाई."

"आण म्हणते ना. कापायचेच असले तर मी कापीन. पर आधी हे बघ."

मी डोक्यावरचा पदर खाली घेतला. अंबाडा सोडला. त्याला सुटायला वेळ लागतो, रोज पहाटे ओल्या केसांचा दाबून बांधलेला असतो तो. बोटांनी मोकळा केला तसे ते एकेक करून वर यायला लागले. पिकले होते, विरळ झाले होते, पण वाकायची सवय गेली नव्हती. थोड्या वेळानं माझ्याही डोक्याभोवती एक पांढरं गाठोडं उभं राहिलं.

उजीच्या हातातली बट सुटली. "आजे! हे तर माझं हायत!"

"तुझं न्हाईत, माझं हायत. तुझ्याकडं मागनं आलेत." मी म्हटलं, पण आवाजात म्हणावा तसा तोरा येईना. "लगीन होऊन आले तवा माझी सासू दारातच म्हणाली, ही भुताळी कुणी आणली घरात? त्या दिशी जो पदर घेतला त्यो घेतला. चाळीस वर्षं सगळ्यांच्या आधी उठून न्हाते, का म्हाईत हाय? केस वाळायच्या आत अंबाडा व्हायला पायजे म्हणून."

गल्लीतल्या साऱ्या सासवा आपापल्या सुनांना माझ्या पदराचा दाखला द्यायच्या. बघा, तानूआक्काचा पदर कधी ढळला का! आता कळलं असेल का ढळत नव्हता.

उजी माझ्याकडं बघत होती. मी मंदाकडं बघत होते. बोलायचं होतं ते तिच्याशी होतं, आणि मला आयुष्यात भांडण सोडून दुसरं काही सुरू करता येत नाही.

"आता तोंड फिरवून बसू नको," मी म्हटलं. "बोल काय बोलायचं ते. तुझ्या आज्याला सोडलं म्या आजपासनं."

मंदा वळली. माझ्या डोक्याकडं तिनं बघितलं आणि तिला काही नवल वाटलेलं दिसेना.

"मला ठावं हाय आत्या."

"काय ठावं हाय?"

"केसांचं. उजी दीड वर्षाची हुती, तुम्ही तापानं आठ दिस पडला हुता. डोक्यावर गार पाण्याच्या घड्या कुणी ठेवल्या? अंबाडा कुणी सोडला, आणि तुम्ही शुद्धीवर यायच्या आधी परत कुणी बांधला?"

माझा हात आपसूक उघड्या डोक्याकडं गेला.

"मग इतकी वर्षं तोंड शिवून बसलीस?"

"तुम्ही झाकलेलं मी उघडं करायचं म्हंजे भर गल्लीत तुमचा पदर मीच वढल्यागत झालं असतं." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "आणि खरं सांगू का? तुम्ही आमच्या आज्याला खलाशी म्हणायला लागला की मला लई हसू यायचं. पाण्याला असा भ्यायचा त्यो! वढा वलांडायचा तर दोघांनी दोन बाजूंनी धरायला लागायचं."

उजी एकदम फिसकन हसली. नाकातनं, डोळ्यांतनं पाणी आणि वर हसू. पण आईकडं बघून जे बोलायला हवं होतं ते बोलली नाही. माझ्या लक्षात आलं. माझ्याच वळणाची पोरगी ती, तिला कुठून येणार.

कात्री मी पोत्याखाली सरकवली. "आता करायचं काय ते सांगा. ऊन लिंबाच्या शेंड्याला गेलंय."

"वेणी घालताच कशाला आत्या?" मंदा म्हणाली. "तीन पेड नुसते एकमेकांवर पडलेले असतात. ह्या केसांना पीळ आवडतो. दोन पेडांचं दावं वळा."

मला हे सुचायला हवं होतं. सुचलं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "तेच सांगणार हुते."

"आणि फणी टाका. वाख वला असला की पेड बसतो ना? केसांना निस्तं पाणी पुरंना. हे बघा." तिनं पातेल्यातनं डाव वर उचलला. शिजलेल्या जवसाचा बुळबुळीत चीक धारेनं खाली लोंबला आणि तुटेना.

"आई, म्हशीचं हाय ते!" उजी किंचाळली.

"म्हशीनं तक्रार केली तर मी बघीन. बस."

मंदानं चीक फडक्यातनं गाळून घेतला, निवू दिला. आम्ही केस ओले केले आणि बोटांनी मोकळे केले, आधी टोकाकडनं, मग हळूहळू वर, जसा गुंतलेला वाख सोडवतात तसा. मुळाकडनं ओढलं की गुंता आवळतो, हे मी रोज वाखाला करायची आणि पोरीच्या डोक्याला मात्र फणी घालून बसले होते. मग डोक्यावर भाजीच्या वाफ्यांसारखे वाफे पाडले. एकेका वाफ्याचे केस घ्यायचे, चीक चोळायचा, त्याचे दोन पेड करायचे. प्रत्येक पेडाला आधी एकाच बाजूला पीळ द्यायचा, आणि मग ते दोन पेड एकमेकांभोवती उलट्या बाजूनं गुंफायचे. पेडांना उलगडायचं असतं एकीकडं, गुंफण त्यांना नेते दुसरीकडं. भांडता भांडता दोघं एकमेकांना घट्ट धरून बसतात. दाव्याची सगळी ताकद तेवढ्यात आहे.

"लवकर व्हायचं असंल तर एक पेड तू धर, एक मी धरते," मी मंदाला म्हटलं.

तिनं एक पेड घेतला, मी एक. दोघींनी पीळ दिला. मी गुंफलं, हात सोडला, आणि फुललं की सगळं! वळवळत उलगडून मोकळं झालं.

"नीट धर की."

"धरलाय."

परत पीळ, परत गुंफण, परत उलगडलं. उजी म्हणाली, "माझ्या जागी जीपमधनं जाधवांची पोरगी हात हलवतीया, दिसाया लागलीया मला."

"गप बस. चीक जास्त झालाय." तिसऱ्यांदाही तेच. मी मंदाला काहीतरी टाकून बोलणार होते, तेवढ्यात ती आपल्या हाताकडं बघत हळूच म्हणाली, "आत्या, माझा हात डावा हाय."

अगंबाई! माझा पेड उजवीकडं पिळलेला, तिचा डावीकडं. दोघांची भांडणंच नाहीत, मग धरणार काय? पोटापायी एवढा जन्म दोर वळण्यात गेला आणि मी घाईत हे विसरले होते. त्याहून, ती विसरली नव्हती. ती फडक्याला हात पुसत उठायला लागली.

"तुम्ही वळा. मी म्हशीचं बघते."

असंच ती पंधरा वर्षांपूर्वी उठली होती. मीच उठवलं होतं. तेव्हा तिनं फडक्याला हात पुसले होते की नाही ते मला आठवेना. मी तिचं मनगट धरलं.

"कुठं निघालीस? म्हैस काय पळून जात न्हाई, माझ्या हातचं दावं हाय तिच्या गळ्यात."

"मग?"

"मधनं भांग पाड. इकडची बाजू माझी, तिकडची तुझी. तुझ्या वाफ्यांतलं दोन्ही पेड तूच वळायचं. माझ्या बाजूला बोट लावायचं न्हाई."

ती बघतच राहिली.

"काय बघतीस? भुताळी काय पैल्यांदा बघितलीस?"

मंदा खाली बसली. पोरीच्या दोन बाजूंना आम्ही दोघी, मी अजून उघड्याच डोक्यानं, आणि मधे उजी, नवरीसारखी अवघडून. तिच्या डोक्यावर दोन दोन पेड एकमेकांत शिरत होते. मंदाचा हात माझ्यापेक्षा भरभर चालायचा. मला ते बघून राग आला आणि मग कौतुकही वाटलं, पण राग आधी आला. माझी बाजू तेरा पिळांची झाली तेव्हा तिची चौदाची होऊन ती टोकं बंद करत होती. टोकाला गाठ मारायची नाही, गाठ मारली तर सोडताना कापावी लागते. चीक लावून टोक बोटाभोवती गुंडाळायचं, ते आपलं आपणच वळून बसतं. ह्या केसांचं एवढं तरी बरं.

शेवटी सगळे पीळ मानेवर एकत्र घेऊन त्यांचाच एक वेढा दिला. उजी उभी राहिली, आमच्याकडं फिरली.

माझे पीळ एकीकडं वळलेले, मंदाचे दुसरीकडं, आणि कपाळापासनं दोन्हीकडचे असे मागे गेलेले की जणू वारा समोरनं येतोय. मी एकटीनं सगळं डोकं वळलं असतं तर एका अंगाला कललेलं दिसलं असतं. हे मला तेव्हाच कळलं. आणि पोरीचं तोंड दिसत होतं. केवढं तोंड होतं तिला! गालाची हाडं, कान, मान, सगळं होतं की.

"बरं दिसतंय," मी म्हटलं.

"काय म्हणालात आत्या? ऐकू न्हाई आलं."

"म्हशीला जवस घाल म्हणाले."

उजी लिंबापर्यंत पळून आली. मग ओढ्यापर्यंत. मग तिनं कोलांटी मारली, जी मी सांगितली नव्हती. एक केस हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैस आणि रेडकू टाकून मंदाला निघता येईना. मी मात्र जीपमध्ये चढून बसले. घोरपडे बाई म्हणाल्या, आजी, पालकांना जागा नाही. मी म्हटलं, मी पालक न्हाई, मी केस बांधणारी हाय. बाईंनी उजीला जवळ बोलावलं, एक पीळ बोटात धरला आणि उलटसुलट करून बघितला.

"कुठल्या पार्लरमध्ये केलंस हे?"

"घरी, बाई. आजीनं आणि..." उजी अडखळली. "आणि आईनं."

"सुटलं तर?"

"वढून बघा की," मी मागनं म्हटलं. "मान हातात येईल, पीळ येणार न्हाई."

बाईंनी खरंच ओढलं. बाई ताकदीची होती. उजीचं डोकं गेलं तिच्याबरोबर, पीळ तसाच राहिला. बाईंनी वहीत उजीच्या नावापुढं खूण केली, तेव्हा कुठं पोरीनं श्वास सोडला.

खेळातलं मला कळत नाही. पाटी कुठली, खांब कुठला, कोण कुणाला खो देतंय, तिथं नुसता गोंधळ असतो. मला एवढंच कळत होतं की ती पळतीय आणि मागनं हात येतायत. एकदा एक उंच पोरगी तिच्या अगदी मागं आली. तिनं हात टाकला तो मानेच्या मागनं गेला, जिथं शनिवारी केसांची छत्री होती तिथनं. मी पंचाकडं बघितलं. त्याची शिट्टी तोंडात होती. वाजली नाही. उजी खांबाला वळसा घालून पलीकडं गेली होती. मी अशी ओरडले की शेजारच्या शाळेचे मास्तर उठून दुसरीकडं बसले.

सकाळचा सामना आमच्या पोरी जिंकल्या, दुपारचा एका गुणानं हरल्या. उजी दुसऱ्या सामन्यात बाद झाली ती खांबाजवळ पाय घसरून. त्याचं तिला रडू आलं नाही. येताना जीपमध्ये ती कुणाशी बोलत नव्हती. मी विचारलं, "हरल्याचं मनावर घेतलंस व्हय?" तिनं मान हलवली. खिडकीबाहेर बघत राहिली.

आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायला होता. मंदा गोठ्याच्या दाराशी रेडकाला पाजून बाहेर येत होती. तिनं आधी उजीच्या डोक्याकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"काय झालं?"

"एक जिंकलो, एक हरलो. केसांनी न्हाई बाद झाले."

"मग बेस झालं."

उजीनं दप्तर पायरीवर टाकलं आणि आईच्या पायाशी जाऊन बसली. "सोड की."

"अगं, हात शेणाचे हायत."

"धू मग. मी बसते."

मंदानं बादलीतल्या पाण्यात हात धुतले, पदराला पुसले आणि तिच्या मागं बसली. मानेवरचा वेढा काढला. डाव्या बाजूचा पहिला पीळ हातात घेतला.

"आई," उजी म्हणाली. "मी काल बोलले ते... त्यो खलाशी..."

"मान सरळ ठेव," मंदा म्हणाली. "न्हाईतर गुंतंल." पण पीळ सोडायचा थांबून तिचा हात जरा वेळ पोरीच्या डोक्यावर तसाच राहिला.

मी पायताणं काढली, पदर खोचला आणि उजवीकडं जाऊन बसायला लागले. "सरक जरा. माझी बाजू मी सोडते."

उजीनं मागं वळूनही बघितलं नाही.

"आजे, तू थांब. आधी आईची हुंदे."

त्या घरात मला थांब म्हणायची कुणाची छाती नव्हती. माझ्या नवऱ्याची नव्हती, माझ्या मुलाची अजून नाही. मी तोंड उघडलं. मंदाच्या बाजूचा पहिला पीळ सुटून लाटेसारखा पोरीच्या खांद्यावर आला होता, आणि त्यानंतर तिथं अजून तेरा होते. मी तोंड मिटलं आणि माझी पाळी येईपर्यंत पायरीवर बसून राहिले.